नाव नसलेली गोळी

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध जपून कसे घ्यावे, हा विषय निघाला की बहुतेक वेळा सूचनांची एक ठरलेली माळ पुढे येते. वेळेवर घ्या, डोस चुकवू नका, मुदत संपलेली नाही ना ते पाहून घ्या, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. यातली एकही सूचना मी खोडणार नाही. पण या सगळ्या सूचना एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यात, कोपरगावपासून जामखेडपर्यंत, ते फार थोड्यांना ठाऊक असते. पाकिटातून कापलेल्या गोळ्या, दोन पांढऱ्या, एक पिवळी, एक अर्धी, कागदाच्या पुडीत बांधून हातावर येतात. 'ही सकाळी, ही रात्री जेवल्यावर' एवढीच त्यांची ओळख. आज मला मांडायचे आहे ते इतकेच की औषधाच्या सुरक्षिततेचा पहिला मुद्दा शिस्तीचा नाही, माहितीच्या मालकीचा आहे. औषधाचे नाव, ते कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायचे, या तीन गोष्टी रुग्णाच्या हाती लेखी असत नाहीत तोवर बाकीच्या सूचना वाऱ्यावर जातात.

नाव माहीत नसल्याने काय बिघडते, हे जरा तपशिलाने पाहू. रक्तदाबाच्या एका रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपिन मिळते, मूळ औषधी नावाने आणि फुकट. महिन्याभराने चक्कर आली म्हणून तो तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जातो. तिथेही त्याला ॲम्लोडिपिनच मिळते, पण ब्रँडच्या नावाने, वेगळ्या रंगाच्या पाकिटात. घरी गेल्यावर तो दोन्ही घेतो, कारण एक 'सरकारी गोळी' आणि दुसरी 'भारी गोळी' असा त्याचा समज असतो. पायाला सूज येते, दाब नको तेवढा उतरतो, आणि सूज उतरवायला तिसरी गोळी सुरू होते. पॅरासिटामॉलचेही तेच. तापाच्या गोळीत ते असते, सर्दीच्या गोळीत असते, अंगदुखीच्या जोडगोळीतही असते. प्रौढ माणसाने दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाऊ नये अशी त्याची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की यकृतावर बेतते. तीन दुखण्यांच्या तीन पुड्या एकत्र घेणाऱ्याला आपण एकच औषध तीनदा घेतो आहोत हे कळायला काही मार्गच नसतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट अंगदुखीच्या पुडीची. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके थोडे दिवस आणि धडधाकट माणसाला बहुधा सोसतात. पण रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, त्यातही उन्हात राबून अंगातले पाणी आटलेले असताना, तीच वेदनाशामके मूत्रपिंडावर आघात करतात. पुडीत पुष्कळदा स्टेरॉइडही असते. स्टेरॉइडने दुखणे जादूसारखे थांबते, भूक लागते, चेहरा भरल्यासारखा दिसतो, आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती पसरते. काही महिन्यांत साखर चढते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि शरीरातल्या ग्रंथी स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करतात. मग एके दिवशी पुडी अचानक बंद पडली तर माणूस कोसळू शकतो. तो ज्या दवाखान्यात नेला जातो तिथल्या डॉक्टरांना कारण सापडत नाही, कारण 'कसली गोळी चालू होती?' या प्रश्नाला नातेवाइकांकडे 'पांढरी, बारीक' यापलीकडे उत्तर नसते. म्हणजे पुडी रुग्णाला तर अंधारात ठेवतेच, शिवाय पुढच्या डॉक्टरांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधते. स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असे मात्र कुणी समजू नये. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले की ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविड रुग्णांचा जीव स्वस्तातले डेक्सामेथासोन वाचवते. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची लाट पाहिली. तिच्यामागे साखरेवर नियंत्रण नसणे आणि स्टेरॉइडचा सैल वापर ही मोठी कारणे होती. औषध एकच. कुणाला, किती आणि किती दिवस, यावर सगळे अवलंबून.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्याकडे 'कायदाच नाही' अशी तक्रार करायची सवय आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. शेड्यूल एच म्हणजे केवळ नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायची औषधे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झाले. त्यात तिसऱ्या पिढीची प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि काही झोपेच्या गोळ्या आल्या, आणि रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव व दिलेली मात्रा दुकानदाराने वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असे ठरले. डॉक्टर स्वतःच औषध देत असतील तर त्यांना दुकानाचा परवाना लागत नाही. ती सवलत शेड्यूल केमध्ये आहे. पण सवलतीला अटी आहेत, आणि त्या अटी आपल्या चर्चेत कधीच येत नाहीत. चिठ्ठीवरची औषधे डॉक्टरांनी स्वतः दिली तर त्या पुडीवर त्यांचे नाव व पत्ता हवा, पोटात घ्यायचे असेल तर मात्रा हवी, औषधाचे नाव आणि रुग्णाचे नाव वहीत हवे, आणि वहीतला क्रमांक पुडीवर हवा. थोडक्यात, कोऱ्या कागदातली पुडी आजच्या नियमातही बसत नाही. पण याच नियमाकडे जरा निरखून पाहा. औषधाचे नाव वहीत जाते आणि वही डॉक्टरांकडे राहते. रुग्णाच्या वाट्याला येतो तो क्रमांक. एकोणीसशे पंचेचाळीसच्या काळी रुग्णाने नाव जाणावे ही अपेक्षाच नव्हती, आणि ती समजूत आपण अजून मोडलेली नाही.

चिठ्ठीचेही तसेच. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगितले. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे सगळे स्वागतार्ह आहे. तरी सुवाच्य चिठ्ठीसुद्धा 'मेडिकल'वाल्याला वाचता यावी म्हणून लिहिलेली असते. 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस' ही अक्षरे छापून आली तरी पारनेरच्या शेतकऱ्याला त्यातून काय कळणार? गोळी रक्तदाबाची की पित्ताची, पाच दिवसांची की जन्मभराची, हे चिठ्ठीवर क्वचितच असते. म्हणून रक्तदाबाची गोळी पाकीट संपले की बंद होते आणि पित्ताची वर्षानुवर्षे चालते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांपासून होणारी इजा कमी करण्याची जगभरची मोहीम सुरू केली. औषधांतल्या चुकांचा जगाला पडणारा भुर्दंड तेव्हा वर्षाला ४२ अब्ज डॉलर धरला होता. त्या मोहिमेने तीन ठिकाणांवर बोट ठेवले: जोखमीचे प्रसंग, एकाच माणसाला चालू असलेली अनेक औषधे, आणि रुग्ण एका दवाखान्याकडून दुसऱ्याकडे जातो तो सांधा. तिसऱ्या मुद्द्याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांत रक्तदाबाचे रुग्ण असतात, साखरेचे असतात, क्षयाचे उपचार अर्ध्यावर असलेले असतात. गावच्या केंद्रातून मिळालेल्या गोळ्या महिन्याभरात संपतात. पुढे फडाजवळच्या कुठल्या तरी दवाखान्यात नवे डॉक्टर, नवा अंदाज, नवी पुडी. परत आल्यावर गावच्या डॉक्टरांपुढे पुन्हा कोरी पाटी. क्षयरोगाच्या बाबतीत निक्षय नोंदणीने हा सांधा बराच बुजवला, कारण तिथे रुग्णाची ओळख त्याच्याबरोबर फिरते. बाकीच्या आजारांत काहीच फिरत नाही. आणि ऊसतोडीला निघण्याआधी अश्विनात मोहटादेवीचे नवरात्र असते. नऊ दिवसांचा उपवास धरणारी बाई साखरेची गोळी मात्र नेमाने घेते. ग्लिमेपिराइडसारखी काही औषधे पोटात अन्न नसतानाही रक्तातली साखर खाली ओढतात. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर सहसा तसे करत नाही. आपल्या पुडीत यांपैकी काय आहे हे तिला माहीत असेल तर ती उपवासाआधी नेमका प्रश्न विचारू शकेल. माहीत नसेल तर घाम फुटून भोवळ येईल, आणि तिला देवीचा संचार म्हणणारेही भेटतील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लोक अडाणी आहेत, नाव लिहून देऊन काय उपयोग? या आक्षेपाला उत्तर देण्याचा अधिकार महाराष्ट्रात कुठल्या जिल्ह्याला असेल तर तो आपल्या जिल्ह्याला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायला घेतले. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित कुटुंबांतल्या होत्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, बोलून, ऐकून, पाहून शिकायच्या आणि मोजकी औषधे घेऊन गावी परतायच्या. कोणते औषध कशाला, किती, आणि कोणत्या वेळी आपण न देता रुग्ण पुढे पाठवायचा, हे त्यांना पक्के ठाऊक असे. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९३ पर्यंत तो आकडा १९ वर आला. हे केवळ गोळ्यांनी झाले नाही. स्वच्छ पाणी, पोषण, बाळंतपणातली काळजी यांचा त्यात मोठा वाटा होता, आणि आरोळे दांपत्य तेच सांगत आले. पण माझ्या मुद्द्यापुरता पुरावा पुरेसा आहे. औषधाचे ज्ञान अक्षरओळखीवर अडत नाही, ते शिकवणाऱ्याच्या इच्छेवर अडते. दुसरा पुरावा घरोघरी आहे. ज्या घरात मागच्या महिन्याची चिठ्ठी सापडत नाही, त्याच घरात बाळाच्या लसीचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत जपलेले असते. ते कार्ड आपले आहे, ते दाखवल्याशिवाय पुढची लस नाही, आणि आशाताई ते मागते, हे त्या आईला माहीत असते. रक्तदाबासाठीही असे करून पाहिलेले आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत रुग्णांना स्वतःजवळ ठेवायचे छोटे 'बीपी पासपोर्ट' कार्ड दिले गेले. कार्ड नवे नाही, पद्धत नवी नाही. प्रत्येक औषधासाठी ती वापरायची बुद्धी तेवढी बाकी आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींकडून खासगीत येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नाव कळले की लोक स्वतःच औषध घेऊ लागतील, तीच चिठ्ठी शेजाऱ्याला देतील, आणि दुष्परिणाम वाचून चांगले औषध मध्येच सोडतील. यातला पहिला अर्धा भाग आजही घडतो, फक्त नावाशिवाय. लोक रिकामे पाकीट घेऊन मेडिकलवर जातात, 'अशीच द्या' म्हणतात आणि त्यांना मिळते. प्रतिजैविकांच्या पाकिटावर लाल रेघ आहे, ती रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घेऊ नका अशी मोहीम आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये काढली. पाकीट कापून चार गोळ्या दिल्या की रेघेचे महत्त्व सांगणारा मजकूर आणि मुदतीची तारीख दुकानातच राहते. औषध मध्येच सोडण्याचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नोंदवले होते की दीर्घ आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणारे लोक संपन्न देशांतही जेमतेम निम्मे भरतात. न सांगून कुणी टिकले, असे कुठे दिसलेले नाही. मला या आक्षेपात खरा वाटतो तो एवढाच भाग, की नुसते नाव पुरत नाही. नावाबरोबर 'कशासाठी' आणि 'किती दिवस' हेही हवे, आणि काय झाले तर लगेच परत यायचे हेही. अर्धी माहिती भीती घालते, पुरी माहिती बहुधा घालत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. रुग्णाने नाव पाठ केले म्हणून काय होणार, खोट तर औषधातच असते, असे म्हणणाऱ्यांकडे इतिहास आहे. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून औषध प्रशासन आणि मंत्रालयापर्यंतच्या अनागोंदीवर कठोर ताशेरे ओढले. ते चौदा जण जागरूक असते तरी वाचले नसते, हे मान्यच करायला हवे. शुद्ध औषध पुरवणे हे राज्याचे काम आहे, ते रुग्णाच्या गळ्यात मारता येणार नाही. पण जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष पुन्हा आले तेव्हाचा तपशील पाहा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. पुष्कळांना शेवटी उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल निघाले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने लगेच लोकांना इशारा दिला: एसआर-१३ या बॅचचे कोल्ड्रिफ घरात असेल तर वापरू नका, कळवा. इशारा योग्य आणि वेळेवर होता. पण ज्या घरात मुलाचे औषध रिकाम्या, कागद नसलेल्या बाटलीत ओतून आलेले आहे, त्या घराने काय तपासायचे? त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने सांगितलेच होते की क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तशी सूचना बाटलीवर छापावी. कोल्ड्रिफ त्याच जातीचे मिश्रण होते. कारखान्यातले पाप रुग्णाला रोखता येत नाही हे खरे, पण ते उघडकीला आल्यावर घराघरात थांबवायचे असेल तर नाव आणि बॅच घरात असावी लागते. औषधाचा त्रास झाला तर कळवण्यासाठी देशात १८००-१८०-३०२४ हा फुकट क्रमांक आहे, २०१० पासूनचा औषध-दक्षता कार्यक्रम आहे. तिथे पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच असतो. मोठ्या खपाच्या तीनशे ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला, तो कोडही कात्रीपुढे टिकत नाही.

उरला वेळेचा प्रश्न. सकाळच्या पाळीत शंभर रुग्ण तपासणारे डॉक्टर कार्ड कधी भरणार? भरू शकणार नाहीत, हे मी मान्य करतो. म्हणूनच फार्मासिस्ट नावाचा माणूस आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरवले. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि गोळ्या काढून देतो तो कामावरचा मुलगा. महेश झगडे २०११ ते २०१४ या काळात राज्याचे अन्न व औषध आयुक्त होते. त्यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय विक्री नको हा जुनाच नियम अमलात आणायला घेतला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले. त्या काळाचा एक धडा मात्र कडकपणाच्या समर्थकांनीही घ्यायला हवा. गर्भपाताच्या गोळ्यांच्या नोंदींवर तपासणीचा ससेमिरा लागला तेव्हा राज्यातल्या अनेक दुकानांनी त्या ठेवणेच बंद केले, आणि कायद्याने हक्क असलेल्या बायकांनाही त्या मिळेनाशा झाल्या. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांतून डॉक्टर गाठायला अर्धा दिवस जातो. तिथे नुसती छडी उगारली तर औषध सुरक्षित होणार नाही, नाहीसे होईल. म्हणून मी विक्री अडवण्यापेक्षा माहिती देण्याच्या सक्तीवर भर देतो. कोरी पुडी बंद करायला नवा कायदा लागत नाही, शेड्यूल केच्या अटींची अंमलबजावणी लागते. त्या अटींत एक ओळ वाढवायला हवी: औषधाचे नाव वहीबरोबर पुडीवरही, मराठीत.

डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या औषधपुरवठ्याचा आणि चिठ्ठ्यांचा अभ्यास केला. त्यातून गरज नसलेल्या औषधांचे मोठे प्रमाण उघड झाले, आणि ते उघड होऊ शकले ते लिहिलेल्या चिठ्ठ्या तपासता आल्या म्हणून. पुडीचा अभ्यास असा कागदावरून करता येत नाही. पुडी का टिकली याचे हे एक कारण असावे असा माझा तर्क आहे. दुसरे कारण पैशाचे. तपासणी आणि औषध मिळून शे-दीडशे रुपयांत काम उरकते, चिठ्ठी घेऊन दुकानात गेले तर खर्च दुप्पट होतो. गरीब माणूस पुडीकडे अज्ञानाने जात नाही, हिशोबाने जातो. त्यामुळे पुडी बंद करा असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनी औषध द्यावे, स्वस्तात द्यावे, फक्त पाकीट न फाडता किंवा नाव लिहिलेल्या कागदात द्यावे. छापील चिकटपट्टीचा खर्च काही पैशांत जातो. हा खर्चही ज्यांना जड वाटतो, त्यांनी निदान रुग्णाने विचारल्यावर नाव सांगायला नकार देऊ नये. या सभागृहातल्या डॉक्टर आणि औषध विक्रेत्या मित्रांना मी हे प्रश्नोत्तरांच्या वेळी थेट विचारणार आहे: नाव सांगितल्याने तुमचे नेमके काय जाते?